चष्म्याच्या वरची बोटभर फट

माझ्या उजव्या डोळ्याविषयी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सध्या तीन हकीकती फिरत आहेत. पहिली अशी की, म्हातारा डोळ्यांना काहीही न लावता ग्राइंडर चालवत होता. दुसरी अशी की, चष्मा होता, पण तो कपाळावर चढवलेला होता. तिसरी अशी की, आमच्या शेडमधल्या दादूने डोळ्यातला कण काढता काढता डोळाच बिघडवला.

तिन्ही खोट्या आहेत. पहिल्या दोन मला कमीपणा आणणाऱ्या असल्यामुळे त्या मी आधी खोडतो. तिसरी माझ्या सोयीची आहे. ती लिहून खोडायला मला दोन महिने लागले, म्हणून ती शेवटी येईल.

सांगणारा कोण, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. मी मूळचा उंब्रजचा, वय एकाहत्तर. सैन्याच्या वर्कशॉपात सतरा वर्षे फिटर म्हणून काढली आणि परत आल्यावर कुपवाडला स्वतःची शेड उभी केली. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे हुक, बिजागऱ्या, साखर कारखान्यांचे किरकोळ सुटे भाग, असे आमचे काम. मुलगा विकास हिशेब आणि गिऱ्हाईक पाहतो. लोखंडाला हात लावणारे आम्ही दोघेच, मी आणि दादू. दादू आटपाडीकडचा, मेंढरे राखणाऱ्या घरातला. माझ्याकडे आला तेव्हा त्याला पाना कसा धरतात हेही ठाऊक नव्हते. आज तो माझ्याइतकेच काम करतो. माझ्यापेक्षा चांगले करतो असे विकास म्हणतो, ते मला मान्य नाही.

गुरुवार

त्या दुपारी मी एका जाड पट्टीला चार भोके पाडली होती. ड्रिल आरपार गेले की भोकाच्या कडेला धारदार ओठ उरतो. तो हातातल्या ग्राइंडरने घासून काढायचा असतो. मी तो घासत होतो आणि माझ्या डोळ्यांवर चष्मा होता. मी पुन्हा लिहितो, डोळ्यांवर. कपाळावर नव्हता आणि खिशातही नव्हता.

तो चष्मा मी स्वतः सांगलीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून निवडून आणला होता. पारदर्शक, हलका, नेहमीच्या चष्म्यासारख्या दोन काड्यांचा. त्याआधी विकासने एक आणला होता. तो चारही बाजूंनी बंद, कडेला रबर आणि मागे पट्टा असलेला. मी तो अर्धा दिवस लावून पाहिला. आत वाफ धरली, समोरचे भोक दिसेना, कानशिलावरून घाम वाहू लागला. खाली माझा नंबरचा चष्माही बसेना. मी तो खिळ्याला अडकवला तो कायमचा. जो चष्मा लावल्यावर काम दिसत नाही, तो डोळ्याचे रक्षण करतो म्हणजे काय करतो, असे मी विकासला विचारले होते. त्याने उत्तर दिले नाही. उत्तर न देणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.

तर घासताना उजव्या डोळ्यात बारीकसे काही टोचले. ग्राइंडर बंद केला, डोळा मिटला, पाणी मारले. पापणी मिटली की टोचायचे, उघडली की टोचायचे. कण बुबुळावर चिकटला होता.

इथे काडीविषयी सांगणे भाग आहे, कारण ज्याला आमच्या ओळीतल्या शेड ठाऊक नाहीत त्याला पुढचे समजणार नाही. आमच्या ओळीत कोणाच्याही डोळ्यात लोखंडाचा कण गेला की तो दवाखान्यात जात नसे, माझ्याकडे येत असे. माझ्याकडे तांब्याच्या तारेची एक काडी होती. टोक ठोकून चपटे केलेले, बारीक पॉलिश पेपरने इतके गुळगुळीत केलेले की नखावर फिरवली तर कळतही नसे. तांबे मऊ, म्हणून ते बुबुळाला ओरखडत नाही, असा माझा सिद्धान्त होता. माणसाला खुर्चीवर बसवायचे, मान मागे टेकवायची, पापणी वर धरायची आणि एका झटक्यात कण उचलायचा. हात कापता कामा नये. माझा कापत नसे. लोक तिला आप्पांची काडी म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. तो नव्हता असे आज म्हटले, तर ती चौथी खोटी हकीकत होईल.

मी डब्यातून काडी काढली, रुमालाला पुसली आणि दादूपुढे धरली.

"घे. तुला कसे काढतात ते ठाऊक आहे."

दादूने काडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तो कोणाकडेही समोरून पाहत नाही. मान डावीकडे वळवून, एका बाजूने पाहतो. कैक वर्षे मला ते खटकत आले होते. जो माणूस सरळ पाहत नाही तो काहीतरी राखून बोलतो, असे माझे सैन्यापासूनचे मत.

"आप्पा, आपुन दवाखान्यात जाऊ."

"एवढ्याशा कणाला दवाखाना?"

"मी न्हाई काडी धरायचा."

"का? भितोस?"

"व्हय, भितो. मारा पायजे तर. पर मी न्हाई."

तीस वर्षांत दादूने मला नाही म्हटलेले मला आठवत नव्हते. त्या क्षणी माझ्या मनात आले ते लिहितो. ह्याला माझा डोळा जायला हवा आहे. मी खुर्चीत बसलो की शेड ह्याच्या हातात. माझ्यामागे हा आणि विकास काहीतरी बोलतात, हे मी पाहिले होते. मी आत आलो की ते गप्प होत.

मी मोटारसायकलपाशी गेलो, आरसा वळवला, डाव्या डोळ्याने पाहत उजव्यातला कण माझ्याच हाताने काढला. तिसऱ्या खेपेला निघाला. काडीच्या टोकावर काळा ठिपका दिसला. तो मी दादूच्या समोर नेऊन त्याला दाखवला.

"बघ. झाले की नाही?"

दादू वळला. तो बादलीशी गेला आणि हात धुऊ लागला. त्याचे हात स्वच्छ होते.

भाताचे शीत

शुक्रवारी डोळा लाल झाला. शनिवारी उजेड सहन होईना. रविवारी सकाळी मी चहाला बसलो तेव्हा बायको, सुशीला, माझ्या तोंडाजवळ वाकली आणि मागे सरली.

"आवं, डोळ्यात भाताचं शीत पडलंय जनू."

"शीत कसे पडेल डोळ्यात?"

"मग सोता बगा."

मी आरशात पाहिले. काळ्या बुबुळावर एक पांढुरका ठिपका होता, कडा विस्कटलेल्या. डावा डोळा झाकला आणि समोरच्या कॅलेंडरकडे पाहिले. आकडे नव्हते. ओल्या कागदामागे शाई पसरावी तसे काहीतरी होते. एकाहत्तर वर्षांत मी पुष्कळ प्रकारे घाबरलो आहे. त्यांपैकी बहुतेक वेळा घाबरल्यासारखे दाखवले नाही. त्या सकाळी मला ते जमले नाही. सुशीलेने माझ्याकडे पाहिले आणि विकासला हाक मारली.

विकासने गाडी काढली. मिरजेला जाईपर्यंत तो रस्त्यावरच नजर ठेवून होता. मला वाटले, मनातल्या मनात शेडला कुलूप लावतो आहे.

बोट

डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या मला आजोबा म्हणाल्या.

"मी तुमचा आजोबा नाही," मी म्हणालो.

"बरं, काका. हनुवटी इथे टेकवा."

त्यांनी डोळ्यात पिवळा थेंब टाकला, निळा उजेड पाडला आणि बराच वेळ पाहिले. डॉक्टर बराच वेळ पाहतो आणि बोलत नाही तेव्हा तो काय लपवतो आहे, एवढाच प्रश्न रोग्याच्या मनात असतो. शेवटी त्यांनी सांगितले की बुबुळावर जखम झाली आहे, ती चिघळली आहे, जंतू शिरले आहेत. आज दाखल व्हायचे. दर तासाला औषध. जखम भरेल, पण फूल राहील. किती मोठे आणि किती मधोमध, ते आज सांगता येणार नाही. मधोमध राहिले तर ह्या डोळ्याने वाचता येणार नाही.

फूल म्हणजे बुबुळावर कायमचा राहणारा पांढरा डाग. एवढ्या सुंदर शब्दाचा हा उपयोग कोणी शोधून काढला, कोण जाणे.

"डोळ्याला काही लावलं होतं?" त्यांनी विचारले.

मी ह्याच प्रश्नाची वाट पाहत होतो. गुरुवारपासून मी तो चष्मा रुमालात गुंडाळून ठेवला होता, कोणाला हात लावू दिला नव्हता, कारण उद्या कोणीतरी नव्हता म्हणणार हे मला ठाऊक होते. मी तो पुराव्यासारखा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"लावून दाखवा."

मी लावला. त्यांनी आपल्या हाताची तर्जनी माझ्या भुवईपाशी आणली आणि चष्म्याच्या वरच्या कडेतून सरळ आत घातली. बोट माझ्या पापणीला लागले. मग तेच बोट त्यांनी कानशिलाकडून घातले. तिथूनही आत गेले.

"काका, माझं बोट जातंय. कण बोटापेक्षा बारीक असतो."

मी चष्मा काढला. मला राग आला, आणि तो त्यांचा आला नव्हता. चष्मा निवडणारा मी होतो. दुकानात मी काच उजेडाकडे धरून पाहिली होती, काड्या वाकवून पाहिल्या होत्या, वजन तळहातावर जोखले होते. जे पाहायला हवे होते ते पाहिले नव्हते. लोखंडाच्या दोन भागांत केसभर फट राहिली तर मी तो जोड परत करतो. स्वतःच्या चेहऱ्यावर बोटभर फट घेऊन मी दोन वर्षे फिरत होतो.

"पण कणानं एवढं होत नाही," त्या म्हणाल्या. "कण वरवरचा होता. जखम खोल आहे ती कण काढणाऱ्यामुळे. कशानं काढला? आणि कोणी?"

मी तोंड उघडण्याआधी विकास बोलला.

"शेडमध्ये दादू म्हणून आहे आमच्याकडं. त्यानंच काढला असणार. काडीनं काढतात तिथं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि कागदावर काही लिहिले. विकास माझ्याकडे पाहत होता. मी गप्प बसलो.

मी खोटे बोललो नाही, असे मी पुढे सहा दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खरेच आहे. मी बोललोच नाही.

बाटलीवरची खूण

ज्यांना हे उपचार करून घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी लिहितो. जखमेवरून खरवडून तपासायला घेतात, तेव्हा डोळा बधिर केलेला असतो, दुखत नाही, पण येणारी पाती दिसते. तेवढे सोसावे. नंतरचे दिवस थेंबांचे. तास झाला की परिचारिका येते, पापणी खाली ओढते, एक थेंब टाकते. मग पाच मिनिटांनी दुसऱ्या बाटलीतला. झोप लागते न लागते तो पुन्हा. हे कंटाळवाणे आहे आणि हेच औषध आहे. एकही थेंब चुकवू नका. माझा परिचारिकांवर विश्वास नव्हता, म्हणून मी बाटलीवर पेनने खूण करून औषध किती उतरते ते पाहत असे. तिसऱ्या दिवशी एकीने ते पाहिले.

"आप्पा, आम्ही पितो काय ते?" ती म्हणाली.

पुढच्या खेपेपासून ती थेंब टाकल्यावर बाटली माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "मोजा." हा टोमणा होता, पण मला त्याने बरे वाटे.

शेजारच्या खाटेवर पलूसचे एक शेतकरी होते. त्यांना उसाचे पाते लागले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "तुमाला कशानं?"

"लोखंडाने."

"मग तुमचा रोग भारीतला. आमचा आपला पाल्याचा."

ते दिवसभर असे बोलत. मी त्यांना फार उत्तरे दिली नाहीत. पण तपासणीहून परत येताना त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत असे की आज काय सांगितले, आणि त्यांनाही माझ्यावरून कळत असावे. त्या दिवशी ते बोलत नसत. ह्या उपकाराची मी त्यांना जाणीव दिली नाही, म्हणून इथे देतो.

पाचव्या दिवशी विकास व्हरांड्यात फोनवर बोलत होता. खिडकी उघडी होती. मी ऐकले, "शेडची लांबी साठ फूट, रस्त्याला लागून हाय." तो आत आल्यावर मी विचारले.

"कोणाला विकतो आहेस?"

तो दचकला नाही. खाटेच्या कडेला बसला.

"विचारून ठेवतोय. व्हय, शेडसाठीच."

"माझा डोळा अजून गेलेला नाही."

"आप्पा, तुमी व्हर्नियर कुठल्या डोळ्यानं वाचता?"

उजव्या. हे त्याला ठाऊक होते. मी आयुष्यभर माप उजव्या डोळ्याने घेतले.

"डोळा ऱ्हायला तर शेड ऱ्हाईल," तो म्हणाला. "न्हाई ऱ्हायला, तर अंदाजानं ग्राइंडर चालवताना तुमच्याकडं बघत बसायची माझी ताकद न्हाई. तुमी काय पन म्हना मला."

माझ्या आजारातल्या सगळ्या संशयांपैकी हा एक खरा निघाला. खरा निघाल्यावर त्याचा आनंद व्हायला हवा होता, तसा झाला नाही. मुलगा घाबरलेला आहे, हे मी इतके दिवस पाहिले नव्हते. त्याला मी मतलबी समजत होतो.

मग तो उठता उठता म्हणाला, "दादूला मी लय बोललो. चार शेडच्या लोकांसमोर. म्हनलं, काडी घालायची अक्कल नव्हती तर हात कशाला लावला? गप उभा ऱ्हायला. एक शब्द न्हाई बोलला."

त्याही वेळी मी गप्प बसलो. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे, पण लिहितो. मला वाटले, दादू गप्प आहे म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. आज ना उद्या तो ह्याची किंमत मागेल.

दादूचा डावा डोळा

सहाव्या दिवशी दादू आला. हातात चार मोसंबी, पिशवी नाही. दाराशी उभा राहून नेहमीसारखी मान वळवून त्याने मला पाहिले.

"कसा हाय डोळा?"

"ठीक आहे."

"म्हैन्याभरात काम धराल."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. त्यांनी माझा डोळा पाहिला, जखम भरते आहे म्हणाल्या, आणि वळता वळता दादूकडे पाहून थांबल्या.

"तुम्ही मान अशी का वळवता?"

"सवय हाय बाई."

"या इकडे. बसा जरा."

दादू नको नको म्हणत होता. त्यांनी त्याला खोलीच्या कोपऱ्यातल्या तपासणीच्या यंत्रापुढे बसवले, हनुवटी टेकवायला लावली आणि निळा उजेड पाडला. मी खाटेवरून पाहत होतो. मला वाटले, ह्याला काय तपासायचे आहे?

"डाव्या डोळ्यात जुनं फूल आहे," त्या म्हणाल्या. "अगदी मधोमध. ह्या डोळ्यानं समोरचं दिसतच नसणार. म्हणून मान डावीकडे वळवून उजव्यानं बघता. लोखंड गेलं होतं?"

"लय वर्सं झाली."

"कोणी काढलं होतं?"

पलूसचे शेतकरी खाटेवर उठून बसले. दादू यंत्रापासून मागे सरला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागली असती.

"हुता एक मानूस. चांगला मानूस हुता. जाऊ द्या बाई."

त्या गेल्यावर मी त्याला जवळ बोलावले.

"कधी?"

"आपली पयली शेड हुती तवा. पत्र्याची."

मला आठवले. पत्र्याची शेड, खुर्चीवर मान मागे टेकलेला दादू, आणि मी. मी फुंकर मारली होती. एका झटक्यात कण निघाला होता. शेजारच्या शेडमधले दोघे पाहत होते आणि मी काडी त्यांना दाखवली होती. मान वळवून पाहायला तो त्यानंतर लागला. मी हे दोन्ही पाहिले होते, तीस वर्षे रोज पाहत होतो, आणि कधी एकमेकांशेजारी ठेवले नव्हते.

"बोलला का नाहीस?"

"बोलून काय? डोळा परत येनार हुता व्हय?" तो म्हणाला. "तुमी तवा लय खूश झाला हुता. म्हनला, गेला बग. मीबी म्हनलो, गेला. म्हैन्यानं दिसायचं कमी झालं. नवी शेड बांदायला घेतली हुती तुमी. म्हनलं, कशाला."

"आणि त्या गुरुवारी?"

"त्या काडीला मी हात लावनार न्हाई, असं तवाच ठरवलं हुतं. दुसऱ्या कुनाच्या डोळ्यात घालाय न्हाई. तुमच्या तर न्हाईच."

त्याने मोसंबी खिडकीत ठेवली आणि निघाला.

तिसरी हकीकत

संध्याकाळी विकास आला तेव्हा मी त्याला सांगितले की कण मी काढला. दादूने नकार दिला होता, दवाखान्यात जाऊ म्हणाला होता, आणि मी त्याला भित्रा म्हणालो होतो. मोटारसायकलच्या आरशात पाहून मी तीन वेळा काडी फिरवली. मग दादूच्या डोळ्याचेही सांगितले.

विकासने हातातली डब्याची पिशवी खाली ठेवली.

"सहा दिवस, आप्पा," तो म्हणाला.

"होय."

"मी त्याला लोकांसमोर..."

"मी आल्यावर लोकांसमोरच सांगेन."

मी सांगितले. घरी सोडल्यानंतर पहिल्यांदा शेडवर गेलो त्या दिवशी ओळीतल्या माणसांना बोलावून सांगितले. परंतु खोटी गोष्ट एकदा सुटली की ती गोळा करता येत नाही. अजूनही चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतो, दादूनं आप्पाचा डोळा घालवला. म्हणून हे लिहून ठेवतो. ज्याने दादूचे नाव घेतले त्याने ते परत घ्यावे. माझा डोळा माझ्या हाताने बिघडला. दादूचा डोळाही माझ्याच हाताने बिघडला.

माझे फूल मधोमध आले नाही, थोडे खाली राहिले. उजव्या डोळ्याने मी मोठी अक्षरे वाचतो. माप आता डाव्याने घेतो, सावकाश घेतो. विकासने शेडविषयीचे फोन बंद केले आहेत, निदान माझ्या देखत तरी. दादूच्या वाट्याला असे काही आले नव्हते. त्याला तेव्हा कोणी दर तासाला थेंब टाकले नव्हते.

पिठाची परीक्षा

नवे चष्मे निवडायचे ठरले तेव्हा मी दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, विकासच्याही नाही. तीन प्रकारचे आणवले आणि घरी परीक्षा घेतली. माझा डोळा बरा व्हायचा होता, म्हणून विकासला परसात खुर्चीवर बसवले. त्याने चष्मा लावायचा, डोळे घट्ट मिटायचे, आणि सुशीलेने चाळणीतून तांदळाचे पीठ आधी बाजूने, मग वरून सोडायचे.

"लगीन हाय काय माझं?" विकास म्हणाला.

"डोळं मीट," सुशीला म्हणाली, आणि जरुरीपेक्षा जास्त पीठ टाकले.

पहिला माझ्यासारखाच, काड्यांचा. काढला तर पापण्या पांढऱ्या. दुसऱ्याला बाजूला पडदे होते, वर मोकळा. पापण्यांवर वरून पीठ. तिसरा बंद, कडेला मऊ रबर, हवेसाठी छिद्रे आडवळणाने पाडलेली. गालावर पीठ, नाकावर पीठ, मिशीत पीठ, पापण्या कोऱ्या. मी बोटाने तपासल्या, विकासने डोळे किलकिले केले असतील अशी मला शंका होती.

त्यातून जे शिकलो ते सांगतो. घासताना आणि भोके पाडताना बंद चष्माच घ्या, आणि ग्राइंडरसाठी त्यावरून चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल. नुसती ढाल पुरत नाही, तिच्या खालून कण वर येतो. वेल्डिंगची काळी काच ह्या कामाची नाही. नंबरचा चष्मा आत मावेल असा मोठा मागा, तसा मिळतो. मला तो मिळतो हे ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नव्हते. वाफ धरते हे खरे आहे. ती न धरणारी काचही मिळते, आणि तरीही धरली तर यंत्र बंद करून, बाजूला जाऊन पुसा. काच ओरखडली की बदला. काढण्याआधी टोपी आणि भुवया झटका, मान खाली घाला, डोळे मिटा आणि मग पट्टा मागून पुढे आणा. एवढे करूनही कण गेलाच तर स्वच्छ पाणी मारा, चोळू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणाच्याही काडीपुढे मान मागे टेकवू नका, तो माणूस कितीही चांगला असला तरी.

ती काडी मी ऐरणीवर ठेवून ठोकली. ती एवढी पातळ झाली की उचलता येईना.

परवा शेडवर दादूला नवा चष्मा मी स्वतः बसवला. त्याच्यासाठी निवडताना मला सर्वांत अधिक वेळ लागला, कारण त्याचा एकच डोळा राखायचा आहे. पट्टा ओढला, रबर गालाला टेकवले आणि तर्जनी कडेने फिरवली. भुवईवरून, कानशिलाकडून, नाकापासून, गालाखालून. बोट कुठेच शिरेना. माझे समाधान झाले नाही. मी पुन्हा भुवईपासून सुरुवात केली आणि जरा जोरात दाबले.

"आप्पा," दादू आतून म्हणाला, "एक ठिवलाय न्हवं? त्यो तरी ऱ्हाऊ द्या."

आजूबाजूच्या शेडमधून चष्मा बघायला आलेले सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोट काढून घेतले. मग त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, त्याला मान न वळवता मी दिसावा म्हणून.